बोलेरो पिकअप की सुपर कॅरी? काळ्या मातीत क्लच-गिअरबॉक्सचा हिशोब

सोयाबीनचा कट्टा 60 किलोचा धरा. मारुती सुपर कॅरी पेट्रोलची क्षमता 740 किलो, म्हणजे 12 कट्ट्यांत गाडी भरली. महिंद्रा बोलेरो पिकअपचे 1.7 टनी डिझेल मॉडेल 28 कट्टे नेते. सुपर कॅरीत 20 कट्टे कोंबून वर "पेट्रोलचा क्लच टिकत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

कागदावर सुपर कॅरीचे 1.2 लिटरचे इंजिन 80 पीएसचे, बोलेरोच्या 2.5 लिटर डिझेलपेक्षा थोडे जास्तच. शेतातून गाडी निघते ती मात्र टॉर्कवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरावर. बोलेरोचा 200 न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला 1400 फेऱ्यांपासून. सुपर कॅरीचा 104, आणि त्यासाठी इंजिन 2900 फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. पांदण रस्त्यावर चाक रुतले की पेट्रोलवाला रेस देऊन हाफ क्लच धरतो (पेडल अर्धेच सोडतो), क्लच प्लेट घसरते, जळका वास सुटतो. असे रोजचे झाले की प्लेटसोबत तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही जाते. बदलताना तिन्ही एकदमच बदला, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला?

डिझेलची खोड वेगळी. टॉर्क आहे म्हणून ड्रायव्हर चौथ्यातच 25 च्या वेगाने गाडी ओढत राहतो. इंजिन गुरगुरते, आणि प्रत्येक धक्का गिअरचे दात, मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) आणि मागच्या एक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर झेलतात. तिसरा टाकायला कंटाळू नका.

दुसरा गिअर टाकताना करकर आली तर आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा. सुटत असेल तर गिअरचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगवर संशय घ्या. ही रिंग बऱ्याचदा पितळेची असते, म्हणून पुस्तिकेत गिअर तेलाचा दर्जा जीएल-4 लिहिला असेल तर मागच्या एक्सलसाठी आणलेले जीएल-5 तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातले काही अ‍ॅडिटिव्ह पितळ खातात. जुने तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकाला करडा लगदा असेल तर ती नेहमीची झीज. तेलात पिवळी चमक म्हणजे रिंग, बोटाला टोचणारे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग.

नाला ओलांडल्यावरचे दुखणे दोन्ही गाड्यांना सारखेच. तापलेला एक्सल पाण्यात थंड पडला की ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) पाणी आत ओढतो. तेल दुधाळ दिसले तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच दिवशी बदला.

मोर्शी-वरुडकडून संत्रा, जिनिंगला कापूस, मेळघाटचा घाट असे भाडे असेल तर डिझेलच. कापूस वजनाला हलका, पण उंच रचल्यावर वारा अडवतो आणि ओढायला जड जातो. रोज पहाटे भाजीचे 500 किलो घेऊन 15 किलोमीटरवरच्या बाजारात जायचे असेल तर डिझेल घेऊ नये. इंजिन नीट तापायच्या आधीच बंद होते, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमध्ये काजळी साचते, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तोही भरत जातो.

जुनी गाडी बघायला जाल तर ट्रायल भरलेल्या हौद्यावर मागा. चौथ्यात 40 वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला पण वेग जागचा हलला नाही, तर क्लच किटचे पैसे सौद्यातूनच कापून घ्या.