सिव्हिलमधले तीन महिने: एमडी मेडिसिनच्या डीआरपीचा वापरानंतरचा अनुभव

डीआरपी म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम संपवून कॉलेजात परत आले, जेआर-३ (तिसऱ्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट) झाले, आणि आता ज्युनियर भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कुठला जिल्हा भरू?" प्रत्येकाला कॅन्टीनमध्ये वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड कुठे गेले ते पुढे येईलच, पण पाली, लोडशेडिंग किंवा रात्रीच्या ड्युट्या यांच्यासाठी ते कापलेले नाहीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि २०२०-२१ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं झालं. त्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. विद्यावेतन मूळ कॉलेजकडूनच मिळत राहतं. एमबीबीएसनंतरच्या बाँडशी याचा संबंध नाही, दोन्हींची गल्लत करू नका. आधी किमान १०० खाटांचं रुग्णालय लागायचं, २०२३ च्या नियमांत तो आकडा ५० वर आला. म्हणजे जिल्ह्याच्या गावीच जाल असं नाही, तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालयही पदरात पडू शकतं. मेडिसिनवाल्यांनी शक्यतो तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आयसीयू नसेल तर आपल्या हाताला काम उरत नाही, नुसता ताप-खोकला बघून माघारी यावं लागतं.

मला मिळालं ते पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं एक सिव्हिल. नाव लिहीत नाही. मी साताऱ्याकडची, त्यामुळे पहिला आठवडा पेशंट काय बोलतात ते कान देऊन ऐकण्यात गेला. मी पोचले तेव्हा पावसाळा ऐन भरात होता आणि शेतात रोवणी सुरू होती. मेडिसिनसाठी याहून चांगला हंगाम नाही. निवडायची मुभा असेल तर जुलै ते ऑक्टोबर यातलेच महिने मागून घ्या. उन्हाळ्यात गेलेल्या माझ्या बॅचमेटला उष्माघात आणि जुलाब यांपलीकडे फारसं काही बघायला मिळालं नाही.

सर्पदंश आम्ही कॉलेजातही बघतो, पण तो आमच्याकडे पोचतो तेव्हा एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या) कुप्या देऊन झालेल्या असतात, किडनी बसलेली असते आणि चिठ्ठीवर 'अज्ञात साप' असं लिहिलेलं असतं. सिव्हिलला तो थेट शेतातून येतो, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसून, पायाला गमछा आवळलेला. पहिलं काम म्हणजे २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. दोन मिली ताजं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, न हलवता २० मिनिटं ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात वॉर्डात सगळीकडे प्लॅस्टिकच्या नळ्या असतात, आणि प्लॅस्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त गोठलं नाही तर विषामुळे की नळीमुळे हे कळायला मार्ग नसतो. आमच्या इन्चार्ज सिस्टरने नव्या काचेच्या नळ्या कपाटात वेगळ्या जपून ठेवलेल्या होत्या. मी ट्रेमधली एक नळी उचलली तर म्हणाल्या, "ती नको मॅडम, ती मामांनी धुतलेली आहे." मामा म्हणजे वॉर्डातले शिपाई. प्रोफेसरांच्या राउंडला ही चाचणी तोंडी सांगता येणाऱ्यांपैकी किती जणांनी ती स्वतःच्या हाताने केली असेल, मला शंका आहे.

घोणस ओळखता येते. सूज चढत जाते, हिरड्यांतून रक्त येतं, नळीतलं रक्त पातळच राहतं. खरी गोची मण्यार करते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, अंगावर दंशाची खूण नाही, नातेवाइकांना सापाचा पत्ता नाही. तासाभरात पापण्या खाली येऊ लागतात. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या स्नायूंना ताकद देणाऱ्या इंजेक्शनला बऱ्याचदा छान प्रतिसाद मिळतो, मण्यारीत त्यावर विसंबून चालत नाही, श्वास सांभाळावा लागतो. तिथल्या फिजिशियन सरांचा नियमच होता, पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला माणूस आधी पापण्या वर करायला लावून तपासायचा आणि मगच पॅन्टोप्राझोल लिहायचं. हे मला कॉलेजच्या सेमिनारांत कुणी सांगितलं नव्हतं.

तापाचंही तसंच. "हप्ताभरापासून ताप येऊन रायला जी, गोळ्या खाल्ल्या, उतरतच नाही," म्हणणारा माणूस ओपीडीत दिवसभर भेटतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, की सर विचारत, "कपडे काढून बघितलंस का?" स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, ती काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीपाशी लपलेली असते. दुखत नाही, त्यामुळे पेशंटलाही माहीत नसते. बायका तपासू देत नाहीत, गर्दीच्या ओपीडीत पडदा नसतो, आणि खपली न बघताच महागडी अँटिबायोटिक सुरू होतात. आम्ही सिस्टरांच्या खोलीत एक कोपरा करून घेतला. खपली सापडली की डॉक्सिसायक्लिन सुरू, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरायचा. नाही उतरला तर निदानच पुन्हा तपासायचं. कॉलेजात अशाच पेशंटला आम्ही आधी मेरोपेनम लावून मोकळे होतो आणि मग विचार करतो.

सिकलसेलचे पेशंट मात्र स्वतःच शिकवतात. जन्मभर क्रायसिस (तीव्र वेदनांचे झटके) सोसलेल्या विशीतल्या मुलीला कुठली सलाईन, कुठलं दुखण्याचं इंजेक्शन आणि किती वेळात फरक पडतो हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तपासणी शिबिरं वाढली आहेत, झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरियाही मोफत मिळतं. पण ते रोज घ्यायचं असतं, रक्ताची तपासणी करत राहायचं असतं, आणि दुखत नसताना गोळी का खायची हे पटवून द्यायला ओपीडीत वेळ कुणाकडे असतो? आमच्याकडे तिथल्या समुपदेशक ताई होत्या म्हणून जमत होतं.

आता रेफरबद्दल, म्हणजे पेशंट मोठ्या रुग्णालयात पाठवण्याबद्दल, कारण माझ्या मते डीआरपीचं खरं मोल इथे आहे. कॉलेजच्या कॅज्युअल्टीत बसून "सिव्हिलवाले काहीही पाठवतात" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. पलीकडच्या टोकाला बसलं की कळतं, पाठवायचं की ठेवायचं हा निर्णय कुठल्याही निदानापेक्षा अवघड आहे. १०८ वर फोन केला की गाडी येते, पण रस्ता दोन-अडीच तासांचा. वाटेत बीपी पडलं तर? तिकडे व्हेंटिलेटर रिकामा नसेल तर? नातेवाईक म्हणतो, "नागपूरले नेलं तर घरी बैलं कोण पायल, मॅडम?" त्यात पैशांचा हिशेब. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथे योजनेत न बसणारी तपासणी आली की खिशात हात घालावा लागतो. पेशंटला खातं-बितं कळत नाही, तिकडे खर्च होतो एवढं कळतं, आणि तो आत्ताच घरी सोडा म्हणतो.

हार्ट अटॅकमध्ये हा निर्णय त्यातल्या त्यात सरळ असतो. ईसीजी दहा मिनिटांत, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दारात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासात, आणि मग अँजिओग्राफीसाठी पुढच्या तीन ते चोवीस तासांत मोठ्या रुग्णालयात. इंजेक्शन न देता घाईने गाडीत घालणं म्हणजे वेळ रस्त्यावर सांडणं. ते इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज, आमच्याकडे उपलब्ध होतं. कपाटाची किल्ली रात्री नेमकी कुणाकडे असते हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सेप्सिस आणि विषबाधा यांत काहीच सरळ नसतं. कीटकनाशक प्यायलेला तरुण, ॲट्रोपिन सुरू, छाती स्वच्छ झालेली, पण मानेचे स्नायू ढिले पडतायत. आज ठीक दिसतो, उद्या व्हेंटिलेटर लागेल. अशा पेशंटला पाठवायचं तर आजच, बरा दिसत असतानाच. कॉलेजचा जेआर फोनवर म्हणणार, "स्टेबल आहे तर पाठवता कशाला?" त्या फोनवर आता मी बसते आणि दोन प्रश्न जास्त विचारते.

सोयींच्या बाबतीत फार वाईट नाही. सीटी स्कॅन होता, डायलिसिस होतं, टीबीची सीबीनॅट तर कॉलेजपेक्षा लवकर यायची, कारण जिल्हा क्षयरोग केंद्र त्याच आवारात. एक्स-रे तासाभरात हातात. एबीजीचं (रक्तातले वायू मोजायचं) मशीन होतं, कार्ट्रिज संपलेलं. इन्फ्युजन पंप अपुरे, त्यामुळे बीपी वाढवणारं नॉरॲड्रिनॅलिन थेंब मोजून. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिली. हे गणित डोक्यात पक्कं बसलं ते तिथेच.

आता ते कापलेले दीड गुण.

एक गुण फिजिशियनसाठी. माझ्या वेळी पहिले दोन महिने एक अनुभवी सर होते. वर लिहिलेलं जे काही शिकले ते त्यांच्यामुळे. तिसऱ्या महिन्यात त्यांची बदली झाली, जागा रिकामी, आणि वॉर्ड, आयसीयू, ओपीडी सगळं आम्हा दोन डीआरपी रेसिडेंट आणि कंत्राटी मेडिकल ऑफिसर यांच्यावर. कागदावर देखरेखीला समन्वयक असतात, पण रात्री तीनला समन्वयकाला काय विचारणार? काम जितकं केलं तितकंच, किंबहुना जास्त. शिकणं मात्र थांबलं, कारण चूक की बरोबर हे सांगणारं कुणी नव्हतं. तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी रेसिडेंट पाठवणं म्हणजे रिकाम्या जागेवर फुकटात माणूस बसवणं. जिल्हा निवडताना खाटा किती, सीटी आहे का हे विचारण्याआधी एवढं एकच विचारा: पूर्णवेळ फिजिशियन आहेत का, आणि ते राउंड घेतात का? जे सध्या तिथे आहेत त्या सीनियरला फोन करा, आदेशावरून काही कळत नाही.

अर्धा गुण कागदांचा. सिव्हिलच्या फिजिशियनचा निम्मा आठवडा सर्टिफिकेटांत जातो हे बाहेर कुणाला माहीत नसतं. दिव्यांग प्रमाणपत्राचं बोर्ड, पोलीस भरतीची तपासणी, मंत्र्यांच्या दौऱ्यात ताफ्यामागची ॲम्ब्युलन्स. बोर्डाचा दिवस मी सुरुवातीला वाया गेलेला धरत होते. नंतर ठरवून बसायला लागले, कारण लकवा, मायोपथी, जुनी पोलिओची केस अशी न्यूरोलॉजीची चिन्हं एका सकाळी रांगेत मिळतात आणि तपासायला वेळही मिळतो. परीक्षेच्या शॉर्ट केससाठी याहून चांगला सराव नाही. ताफ्यामागच्या ड्युटीबद्दल मात्र बरं काही लिहिण्यासारखं नाही. विद्यावेतनाचाही असाच घोळ. हजेरी सिव्हिलकडून निघणार, पैसे कॉलेजकडून, खाती दोन, आणि मधला कागद कुठल्यातरी टेबलावर. आमचं एका महिन्याचं बरंच लांबलं. थोडे पैसे बाजूला ठेवून जा.

राहण्याची सोय क्वार्टरमध्ये, ठीकठाक. मुलींनी आवारातच राहण्याचा आग्रह धरावा, नियमात सुरक्षेची सोय सांगितली आहे, ती मागायला लाजू नका. जेवण डब्याचं. सकाळी गेटबाहेर तर्री-पोहे मिळत, त्यांना वेगळे पाच गुण.

शोधनिबंधाचं बघून सत्र निवडा. पाचव्यात गेलात तर निबंध जमा करायची तारीख आणि डीआरपी एकमेकांवर येतात आणि गाइडचे फोन आयसीयूत घ्यावे लागतात. तिसऱ्यात गेलात तर हात पुरेसे तयार नसतात. एकट्याने इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) जमत नसेल तर तिथे घाम फुटेल. चौथं सत्र उत्तम. विषय अजून ठरायचा असेल तर डोळे उघडे ठेवून जा. विंचूदंशावरचं प्राझोसिन या औषधाचं काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात पेशंट बघता बघताच उभं केलं, कुठल्या सुपरस्पेशालिटीत नव्हे.

सोबत नेण्याच्या वस्तू: स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर, चांगला टॉर्च, रिफ्लेक्स हॅमर (तिथला सापडणार नाही), गमबूट. आणि लॉगबुकवर दर आठवड्याला सही घेत चला. शेवटच्या दिवशी सगळ्या एकदम घेऊ म्हणाल तर सही करणाऱ्यांची बदली झालेली असू शकते. माझ्या सोबतच्या रेसिडेंटला दोन महिन्यांच्या सह्यांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं.