मिरर गॉगलच्या नावाखाली नकली माल

खोक्यावर नामांकित ब्रँडचं चिन्ह, छापील किंमत 2,799 रुपये, विक्री 649 ला. तलावावर पोहण्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या पालकांनी हा मिरर गॉगल, म्हणजे आरशासारख्या चकाकत्या काचेचा पोहण्याचा चष्मा, ऑनलाइन मागवला. तिसऱ्या आठवड्यात काचेच्या कडेला नख लागलं आणि चंदेरी पापुद्रा सुटून बोटाला चिकटला. खाली साधं पारदर्शक प्लॅस्टिक.

खरं मिरर कोटिंग म्हणजे पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या काचेवर बाहेरून चढवलेला अतिशय पातळ थर. रगडला किंवा डबीशिवाय बॅगेत टाकला तर अस्सल गॉगलचाही थर जातो, पण तिथे चरे पडतात, ठिपके उडतात. अखंड पापुद्रा निघाला तर वर फिल्म किंवा रंग मारल्याचा दाट संशय घ्या.

शिवाय चकाकी म्हणजे यूव्हीपासून, म्हणजे अतिनील किरणांपासून, संरक्षण नव्हे. मिररमुळे डोळ्यांवरचा उजेड कमी होतो. अतिनील किरण अडवायचं काम मुख्यतः काचेच्या प्लॅस्टिकचं. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर डोळ्यात उलट जास्त किरण शिरू शकतात. उघड्या तलावात रोज दोन-दोन तास सराव करणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही फसवणूक पैशांपेक्षा जास्त बोचते.

पार्सल उघडताना व्हिडिओ सुरू ठेवा. एकदा पाण्यात घातलेला गॉगल ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून बरेच विक्रेते परत घेत नाहीत, त्यामुळे तपासणी कोरडीच करायची. पट्टा न लावता दोन्ही वाट्या डोळ्यांवर हलकेच दाबा. सील, म्हणजे वाटीची मऊ कड, नीट बसलं तर काही सेकंद चिकटून राहतात. लगेच गळल्या तर आधी नोजपीस (दोन वाट्या जोडणारा नाकावरचा तुकडा) बदलून पाहा, माप चुकलेलं असू शकतं. मग हात लांब करून काचेतून फरशीची सरळ रेघ बघत गॉगल हळूहळू हलवा. रेघ लाटेसारखी वाकली तर काचच सदोष. पट्टा ताणून सोडा: सिलिकॉन झटकन मूळ लांबीवर येतं, पीव्हीसी रेंगाळतं आणि उग्र वास मारतं. काचेला आतून मात्र बोट लावू नका, वाफ धरू न देणारा अँटी-फॉगचा थर पुसला जातो.

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. वैध मापन शास्त्राचे पॅकबंद वस्तूंसाठीचे 2011 चे नियम तसे आहेत. या खोक्यावर किंमत सोडून यातलं काहीच नव्हतं. विक्रेता दाद देत नसेल तर खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वेबसाइटच बनावट निघून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.