विक्शनरीतील चहाचे अक्षर: एका नोंदीचे परीक्षण

चिनी अक्षरांचे मूळ समजावून सांगणारी साधने आज पुष्कळ आहेत. पण त्यांतील अनेक साधने अक्षर लक्षात राहावे म्हणून एखादी गोष्ट रचतात आणि तीच व्युत्पत्ती म्हणून शिकणाऱ्याच्या हाती ठेवतात. मी जपानी शिकू लागलो तेव्हा पैसे भरून घेतलेल्या एका मोबाइल ॲपने मला सांगितले होते की, चहाच्या अक्षरात (茶) वर गवत, खाली झाड आणि दोहोंच्या मध्ये माणूस आहे, म्हणून चहा म्हणजे झाडापाल्यात विसावलेला माणूस. कल्पना सुंदर आहे, चीनमध्येही ती आवडीने सांगितली जाते. परंतु अक्षर तसे घडलेले नाही. माझी ही समजूत दुरुस्त झाली ती विक्शनरीच्या इंग्रजी आवृत्तीमुळे. 2002 पासून चालू असलेल्या, विनामूल्य आणि जाहिरातमुक्त अशा या शब्दकोशाचे परीक्षण मी या एकाच अक्षराच्या आधारे करीत आहे.

आजचे अक्षर एका जुन्या अक्षरातील (荼) एक रेघ गळून तयार झाले. त्या जुन्या अक्षराचा मँडरिन उच्चार ‘थू’ असा होतो आणि त्याचा अर्थ होता कडू चवीची एक वनस्पती. वरचे गवताचे चिन्ह वनस्पतीचा बोध करून देई आणि खालचा सारा भाग केवळ उच्चार सुचवण्यासाठी होता. म्हणजे माणूस आणि झाड यांचा अर्थाशी काहीही संबंध नव्हता. लू यू यांनी ज्या आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिला, त्या तांग राजवटीच्या काळात हे नवे रूप चहासाठी रूढ झाले.

मराठी वाचकाने सर्वांत अधिक वेळ द्यावा तो उच्चारांच्या तक्त्याला. मध्ययुगीन चिनी भाषेत या अक्षराचे पहिले व्यंजन मूर्धन्य, म्हणजे आपल्या ‘ड’च्या जवळचे होते, असे अभ्यासक मानतात. रोमन लिपीत ते दाखवायला खास चिन्हे लागतात. आपल्या वर्णमालेत ते आहेच. पुढे बहुतेक चिनी बोलींत त्याचा ‘छा’ झाला, आणि पोर्तुगीजांचा ‘शा’ व आपला ‘चहा’ याच कुळातले आहेत. चीनच्या फूज्यान किनाऱ्यावरील मिन बोलींत मात्र उच्चार ‘ते’ असा राहिला, डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘टी’ झाला. जुन्या कडू वनस्पतीच्या अक्षराने तर आपल्या अधिक जवळचे काम केले आहे: बौद्ध ग्रंथांतील संस्कृत शब्द चिनी अक्षरांत लिहिताना ‘ड’ या ध्वनीसाठी ते वापरले गेले, आणि ‘मंडल’ या शब्दाच्या जपानी लेखनात ते आजही मधोमध उभे आहे. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या पानावरून हललो नाही.

एकाच पानावर चिनी, जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी असे स्वतंत्र भाग आहेत, आणि एका भाषेतील अर्थ दुसरीवर लादलेला नाही, हा या कोशाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. जपानीत ‘चा’ आणि ‘सा’ असे दोन उच्चार आहेत. ‘र्योकुचा’ म्हणजे हिरव्या चहात पहिला येतो, तर ‘किस्सातेन’ या जुन्या वळणाच्या उपाहारगृहाच्या नावात दुसरा. ‘चाइरो’, शब्दशः चहाचा रंग, म्हणजे तपकिरी. कोरियनमध्येही ‘चा’ आणि ‘दा’ अशी जोडी आहे, आणि ‘दाबांग’ या चहागृहाच्या शब्दात तो जुना ‘ड’च्या जवळचा ध्वनी ऐकू येतो. व्हिएतनामीत ‘ट्रा’ आणि ‘चे’ हे दोन्ही शब्द चहासाठी आहेत, शिवाय ‘चे’ हे खिरीसारख्या गोड पदार्थाचेही नाव आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ध्वनिशास्त्राची चिन्हे ओळखीची नसतील तर अर्धे पान बंद दारासारखे वाटते. प्राचीन उच्चारांच्या वेगवेगळ्या पुनर्रचना शेजारी शेजारी दिल्या आहेत. ते प्रामाणिकपणाचे असले तरी नवशिक्याला गोंधळात टाकणारे आहे. कोणीही संपादन करू शकत असल्यामुळे आधार दिलेला नसेल तेथे मी दुसरा कोश उघडतो. शिवाय शब्दकोशातून शब्द मिळतो, चालीरीत मिळत नाही: कोरियातील ‘चार्ये’ या पूर्वजांच्या विधीच्या नावात चहा असूनही आज तेथे सहसा मद्य अर्पण केले जाते, यासारखी गोष्ट समजून घ्यायला कोशाबाहेरच जावे लागते.

तरीही जपानी, चिनी किंवा कोरियन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ही नोंद वाचायला सांगेन. मात्र आधी कडू वनस्पतीच्या जुन्या अक्षराचे पान उघडावे आणि मग चहाचे; त्या क्रमाने वाचले तर गळालेली रेघ डोळ्यांना आपोआप दिसते.