पऱ्हाटीचं इथेनॉल आणि माझे ४५ हजार

दोन वर्षांपूर्वी पौषात, कापसाची शेवटची वेचणी चालू असताना दोघं जण गाडी घेऊन गावात आले. आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची वाळकी झाडं, चुलीला सरपण, उरली तर धुऱ्यावर पेटवून द्यायची. तिचं पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं, कंपनी किलोला ४ रुपये देईल आणि गावात एकच संकलन केंद्र, असं ते म्हणाले. "भाऊ, तुमचं नसेल जमत तर पलीकडचं गाव तयार आहे." इथेच मी घसरलो.

मोबाईलवर त्यांनी पानिपतच्या प्रकल्पाचा व्हिडिओ दाखवला. तो प्रकल्प खराच आहे. इंडियन ऑइलचा, ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेला, भाताच्या पेंढ्यावर चालणारा. त्या खऱ्याला यांनी आपलं शेपूट जोडलं: आमचं तंत्र हेच, टनाला ६०० लिटर, प्लांट चार गुंठ्यांत. पानिपतचा सरकारी आकडा वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल, खर्च ९०० कोटींच्या वर. म्हणजे टनाला १५० लिटर. हा भागाकार माझ्या नववीतल्या पोरीने केला, पण पैसे गेल्यावर. उसाच्या मळीत साखर असतेच, ती आंबवून ऊर्ध्वपातन केलं की इथेनॉल झालं. काडीतल्या सेल्युलोजची आधी साखर करावी लागते, खरा खर्च तिथे.

केंद्रासाठी अनामत ४५,००० रुपये. फोनपेवर नाव आलं कुण्या बाईचं. विचारलं तर म्हणे, "अकाउंटंट मॅडम." मी मान डोलावली, वर दोन कोरे चेक सही करून दिले! करारावर कंपनीचा पत्ता नुसता 'एमआयडीसी', प्लॉट नंबरच नाही.

फाल्गुनात अकरा जणांची पऱ्हाटी माझ्या वावरात रचली. गाड्या दर सोमवारी येणार होत्या. अक्षय्य तृतीयेला फोन बंद लागला. चेक बँकेत जाऊन थांबवले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मात्र चार महिन्यांनी फोन केला, तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. ठाण्यातला अर्ज अजून तिथेच आहे.

जूनमध्ये कृषी सहायक ढीग बघून डाफरले, "यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि तुम्ही ही उन्हाळाभर जपलीत?" त्या दिवाळीनंतर शेजारच्या काकांनी एक फोडलेलं बोंड माझ्या तळहातावर ठेवलं. आत अळी वळवळत होती. काही न बोलता ते निघून गेले.