बर्फात स्पोर्ट्स सेडान: ऑल व्हील की रिअर व्हील?
ऑल व्हील म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना, रिअर व्हील म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना. दोन्ही प्रकारच्या गाड्या हिवाळ्यात चालवल्यात म्हणून सांगतो, आधी टायरचं बघा, मग ड्राइव्हचं. तापमान साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की समर टायरचं रबर कडक होतं आणि मग ऑल व्हील असो नाहीतर रिअर व्हील, गाडी घसरतेच.

माझी रिअर व्हीलवाली समर टायरवर होती तेव्हा सिग्नलला थोड्याशा चढावर अडकली, मागची चाकं जागच्या जागी फिरतायत, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकतोय आणि गाडी इंचभरही पुढे जाईना, शेवटी मागे घेऊन दुसऱ्या रस्त्याने गेलो. पुढच्या आठवड्यात विंटर टायर टाकले, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, आणि त्याच चढावर आरामात चढली!

ऑल व्हीलचा खरा फायदा जागेवरून निघताना आणि चढावर, तिथे तोड नाही. पण ब्रेक मारताना त्याचा काहीच उपयोग नाही, तिथेही चारच टायर, शिवाय गाडीचं वजन जास्त, आणि ती सहज वेग घेते म्हणून माणूस गाफील राहतो.

स्टिअरिंगची मजा मला अजूनही रिअर व्हीलमध्येच जास्त वाटते. बीएमडब्ल्यूचं एक्सड्राइव्ह, म्हणजे त्यांची ऑल व्हील सिस्टीम, ३ सिरीजसारख्या सेडानमध्ये एरवी मागच्या चाकांना जास्त ताकद देतं, त्यामुळे तो फील बराचसा टिकतो. रोज चढाचा, बर्फ न काढलेला रस्ता असेल तर डोळे झाकून ऑल व्हील घ्या, नाहीतर रिअर व्हील आणि चांगले विंटर टायर.