शोरडिच वॉकिंग टूर : खुनाचं खूप सांगतात, पैशाचं सांगतच नाहीत

लंडनमधल्या शोरडिचची चालत फिरायची टूर केली. कंपनीचं नाव देत नाही कारण तिथे अशा बऱ्याच टूर्स चालतात आणि साधारण सगळ्यांचा साचा एकच असतो. पाचपैकी तीन स्टार. गाईड बोलायला छान, ग्रुप लहान, पण ओल्ड स्ट्रीटवरच्या शोरडिच टाउन हॉलसमोर उभं करून त्याने सगळा वेळ जॅक द रिपर या 1888 मधल्या, कधीच न सापडलेल्या खुन्यावर घालवला आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या बिल्डिंगची खरी गोष्ट पैशाची आहे.

ही बिल्डिंग 1866 ची, सीझर ऑगस्टस लाँग नावाच्या आर्किटेक्टची, आणि बांधली ती शोरडिच पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, व्हेस्ट्रीने. व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशचा कारभार बघणारी समिती, आधी यांच्या मीटिंगा चर्चमध्येच व्हायच्या. 1850 मध्ये कायदा आला आणि मोठ्या वस्तीच्या पॅरिशना चर्चबाहेर जागा घ्यायचा रस्ता मोकळा झाला, मग 1855 च्या कायद्याने लंडनच्या व्हेस्ट्र्यांवर गटारं, फरसबंदी, दिवाबत्ती, कचरा असं सगळं आलं, एवढं काम म्हटल्यावर क्लार्क पाहिजे, सर्व्हेयर पाहिजे, आणि त्यांना बसायला ऑफिस पाहिजे.

आणि हे सगळं चालायचं कशावर तर रेटवर, म्हणजे आपली घरपट्टीच समजा. घराचं वार्षिक भाडं किती येईल ते ठरवायचं आणि दर पाउंडामागे इतके पेन्स घ्यायचे. समजा घर 20 पाउंडाचं आणि रेट 6 पेन्स, तर झाले 120 पेन्स म्हणजे 10 शिलिंग (तेव्हा 12 पेन्सचा एक शिलिंग). आता बघा, गरीब पॅरिशमध्ये घरांची भाडी कमी आणि मदत लागणारी माणसं जास्त, त्यामुळे पुअर रेट, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा रेट, तिथेच जास्त बसायचा जिथे लोकांना तो परवडत नव्हता! 1867 मध्ये सगळ्या लंडनचा एक कॉमन फंड केला तेव्हा त्यातला थोडा भार वाटला गेला. अशा भागात व्हेस्ट्रीने एवढा भव्य हॉल उभा केला, तर रेट भरणारे काय म्हणाले असतील हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडायलाच हवा. गाईडने हा विषयच काढला नाही.

रिपरची गोष्ट सांगतानाही मोठी संधी गेली. रिपरने मारलेल्या बायकांपैकी एक मानल्या जाणाऱ्या मेरी केलीच्या मृत्यूची चौकशी 12 नोव्हेंबर 1888 ला याच टाउन हॉलमध्ये झाली. खून झाला स्पिटलफील्ड्समध्ये, पण बॉडी शोरडिचच्या शवागारात आणली म्हणून चौकशी इथे. त्यावर ज्युरीतला एक माणूस सरळ कुरकुरला, की आमच्या हद्दीत झालेलं नाही तर आमच्या गळ्यात का? हद्दीवरून तेव्हा लोक किती जागरूक होते ते या एका गोष्टीत कळतं. गाईडने फक्त रक्तपात सांगितला.

टूर जिथे संपते तिथून थोडं पुढे जाऊन स्वतः कोरोनेट स्ट्रीट बघाच. 1897 मध्ये व्हेस्ट्रीने तिथे कचरा जाळून वीज तयार करणारं स्टेशन उभारलं, उद्घाटनाला प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन आले होते. जो कचरा वाहून न्यायला पैसे मोजायचे त्याच्यावर वाफ, वाफेवर वीज आणि उरलेल्या उष्णतेवर शेजारच्या स्नानगृहांचं पाणी गरम, म्हणजे एका खर्चातून तीन कामं. भिंतीवर लॅटिनमध्ये कोरलंय, धुळीतून प्रकाश आणि शक्ती. मला ते अक्षर वाचताना फार भारी वाटलं, नगरसेवक लोकांना मुद्दाम नेऊन दाखवावं असं आहे. आता तिथे सर्कस शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायचं.

टाउन हॉलचा टॉवर नंतरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, तोपर्यंत व्हेस्ट्री जाऊन 1900 पासून शोरडिच बरो, म्हणजे तिथली नगरपालिका, आला होता. त्याचं ब्रीदवाक्य 'मोअर लाइट, मोअर पॉवर', ते कुठून आलं ते कोरोनेट स्ट्रीट बघितल्यावर सांगावं लागत नाही.

नातेवाईकांकडे लंडनला गेलात आणि पहिल्यांदाच ईस्ट एंड बघताय तर टूर घ्या, रस्ते कळतात. पण बुक करायच्या आधी विचारा की कोरोनेट स्ट्रीट त्यात आहे का, नसेल तर ओल्ड स्ट्रीट स्टेशनला उतरून स्वतःच चालत जा, दोन्ही जागा एकमेकींपासून अगदी जवळ आहेत.