इंग्लंड दौऱ्यापूर्वीचा संघनिवड विशेष कार्यक्रम : अभिप्राय
मे 2025 मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाल्यानंतर शुभमन गिलच्या नेतृत्वाखाली निवडलेल्या 18 जणांच्या संघाची चिकित्सा करणारा हा ॲपवरील कार्यक्रम आवर्जून पाहण्याजोगा आहे. वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमराह पाचपैकी काही कसोटीच खेळणार असल्याने इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक्स चेंडूवर त्याची उणीव कोणी भरून काढावी, आणि अष्टपैलूच्या जागी शार्दूल ठाकूर घ्यावा की नितीशकुमार रेड्डी, हा भाग चेंडूची शिवण जवळून दाखवत उत्तम उलगडला आहे. 2017 नंतर कसोटी संघात परतलेल्या करुण नायरची चर्चा मात्र घाईने उरकली आहे. सर्फराज खानला वगळल्याबद्दल तर जेमतेम एक वाक्य आहे. शिवाय वर्गणी भरूनही ऐन विश्लेषणात जाहिराती घुसतात, हे अजिबात पटत नाही.